मशीन आली, पण गिऱ्हाईक कुठून आणायचं?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात एखादं पोरगं किंवा पोरगी छोटा धंदा करते आहे त्यांनी, आणि जे कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहेत त्यांनी ही शेवटपर्यंत वाचावी. कारण यातलं एक काम येत्या महिनाभरात झालं नाही तर वर्षभरासाठी हातातून जाणार आहे.

आपल्याकडे तरुणांच्या रोजगाराचा विषय निघाला की गाडी कर्जावर येऊन थांबते. मुद्रा आहे, पंतप्रधान रोजगार निर्मिती आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून पीएम विश्वकर्मा आहे. त्यात १८ पारंपरिक धंदे आहेत, शिंपीकाम त्यातलंच एक. अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखाचं कर्ज. या योजना वाईट नाहीत. गरजू पोरांना त्यातून मशीन मिळते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पत्रकार म्हणून कर्जवाटपाचे किती मेळावे केले त्याची गणती नाही. मंचावर साहेब, हातात मोठा पुठ्ठ्याचा चेक, बाजूला लाजत उभा राहिलेला लाभार्थी. फोटो काढायचा, नावं लिहून घ्यायची, बातमी पाठवायची.

पण वर्षभराने त्या लाभार्थ्याच्या दुकानात जाऊन "बाबा रे, गिऱ्हाईक येतं का?" असं विचारणारं कोणी नसतं. बँकेचा फोन येतो, तो हप्त्यासाठी. तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही रस्त्याने फिरा, दोन-दोन वर्षांत बंद पडलेली शटरं दिसतील. मोबाईल दुरुस्ती, ब्युटी पार्लर, फ्लेक्स प्रिंटिंग, टेलरिंग. त्यातल्या बऱ्याच पोरांना काम येत होतं. गिऱ्हाईक कसं आणायचं, ते मात्र कोणी शिकवलं नव्हतं. मग एक दिवस पोरगा हैदराबादला नाहीतर नागपूरला निघून जातो आणि मागे बाप हप्ता भरत राहतो.

आता एक उदाहरण सांगतो. आमगाव-सालेकसा पट्ट्यातल्या एका गावातली मुलगी आहे, वय २३. नाव मुद्दाम लिहीत नाही. आयटीआयमध्ये शिवणकाम शिकली. मुद्राच्या शिशू गटातून ५० हजारांचं कर्ज घेतलं, मोटरवाली मशीन आणि पिको-फॉलची मशीन घेतली, बसथांब्याजवळ खोली भाड्याने घेतली. हात चांगला. तरी सहा-सात महिन्यांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, पेपरात बातमी लावून द्या न जी. 'ग्रामीण तरुणीची भरारी' असं काहीतरी. गिऱ्हाईकच येत नाही."

मी म्हटलं, बातमी लावतो, त्यात काही अडचण नाही. पण गोंदियात चहा पिता पिता बातमी वाचणारा माणूस ब्लाउज शिवायला तुझ्या गावी येणार आहे का? फार तर तुझे काका कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवतील. त्यापेक्षा तुझी मापाची वही आण.

टेलरकडे मापाची वही असतेच. त्यात नाव, छाती, कंबर, बाही, तारीख, आगाऊ किती, बाकी किती. आम्ही दोघं बसून ती वही वाचली. प्रत्येक नावापुढे तिला एकच विचारत गेलो, ही बाई तुझ्याकडे कोणाच्या सांगण्यावरून आली? वही संपली तेव्हा तिलाच नवल वाटलं. निम्म्याहून जास्त बाया तिघींमुळे आल्या होत्या. एक गावातल्या आशाताई, दुसऱ्या शेजारच्या गावच्या अंगणवाडी सेविका आणि तिसरी तिची आत्या. बसथांब्यावरचा बोर्ड पाहून आलेल्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे जी खोली तिने रस्त्यावर म्हणून जास्त भाड्याने घेतली होती, ती फारसं काही देत नव्हती.

दुसरी गोष्ट दिसली महिन्यांची. एप्रिल-मे भरलेले. दिवाळी ते मंडई भरलेली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर जवळपास कोरे. यात तिचा दोष काहीच नाही, हा आपल्या धानाच्या जिल्ह्याचा हिशेब आहे. रोवणीच्या दिवसांत हातातला पैसा मजुरीत आणि खतात जातो, नवीन कपडा कोण शिवणार? आपल्याकडे पैसा ठरलेल्या वेळी येतो. मोहफुलाचा येतो, मे महिन्यात तेंदूपत्त्याचा येतो, उन्हाळी धानाचा येतो, आणि खरीप धान केंद्रावर गेलं की चुकाऱ्याची वाट पाहणं सुरू होतं. चुकारा लांबला की किराणा दुकानापासून सोनारापर्यंत सगळ्यांची उधारी लांबते. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सांगतात, "दर महिन्याला इतके ग्राहक आणा." आपल्याकडे महिना धरून चालत नाही, हंगाम धरून चालावं लागतं. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याचा आहे. खरी गाठ तिथेच आहे.

म्हणून तिच्यापुढचा प्रश्न होता, कोऱ्या महिन्यांत काम कोणाकडे असतं?

उत्तर गावातच होतं. शाळा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. उघडल्याबरोबर पोरांना गणवेश लागतो आणि १५ ऑगस्टला तर लागतोच. समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांसाठी एका विद्यार्थ्यामागे ६०० रुपये येतात, म्हणजे कापड आणि शिलाई धरून एका गणवेशाला ३००.

या गणवेशाचं मधल्या काळात काय झालं ते आठवत असेल. २०२४-२५ मध्ये सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापड वरून एकत्र खरेदी केलं आणि शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिलं. बचत गटांना काम ही कल्पना चांगलीच होती. पण कापड उशिरा, मापं चुकलेली, आणि राज्यात कित्येक शाळांत १५ ऑगस्टलाही पोरं जुन्याच कपड्यांत. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या शैक्षणिक वर्षापासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला.

आता ही समिती म्हणजे कोण? शिक्षण हक्क कायद्यानुसार त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत. म्हणजे तुम्ही-आम्हीच. मुंबईला कोणाचे पाय धरायची गरज नाही. गावातल्या पोरीला काम द्यायचं की तालुक्याच्या ठोक दुकानदाराकडून तयार गठ्ठा आणायचा, हे गावातली माणसं ठरवतात.

साधा हिशेब करा. समजा शाळेचा पट ६० आहे. ६० पोरांचे ३६ हजार रुपये, १२० गणवेश. शिलाईचे नगामागे १०० धरले तरी १२ हजार रुपये गावात राहतात. आणि असं गाव एकटं नाही, दर दोन-तीन किलोमीटरवर एक शाळा आहे.

ती मुलगी गेल्या वर्षी दोन शाळांत गेली. मीही सोबत गेलो होतो. एका ठिकाणी समितीच्या लोकांनी तोंडावर नाही म्हटलं. दुकानदाराशी जुने संबंध होते. दुसऱ्या ठिकाणी मुख्याध्यापक सरळ माणूस. त्यांच्या शंका रास्त होत्या. इतके नग वेळेत होतील का? बिल मिळेल का? कापडाला पैसे कोण घालणार?

त्या शंकांची उत्तरं लिहून ठेवतो, कारण हाच प्रश्न प्रत्येक छोट्या धंदेवाल्याला येतो.

नगांचं असं की तिने जवळच्या दोन गावांतल्या दोन बाया सोबत घेतल्या. कटिंग हिच्याकडे, शिलाई तिघींत वाटलेली, काज-बटण एकीकडेच. बिलासाठी साधं छापील बिलबुक पुरतं. सेवा देणाऱ्या धंद्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, ही गोष्ट कित्येक पोरांना माहीत नसते आणि 'जीएसटी नंबर आहे का' म्हटलं की ती घाबरून परत येतात. उद्यम नोंदणी मात्र करून घ्यावी. आधारवर होते, फुकट होते, त्यासाठी एजंटला पाचशे-हजार देऊ नका. आणि कापडाचं, ते समितीनेच घेतलं, हिने फक्त शिलाईचं बिल लावलं. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याने मजुरीचं काम आधी घ्यावं, मालाचं नंतर.

४० पोरं, ८० गणवेश. प्रत्येक पोराचं माप शाळेत जाऊन घेतलं. वाढत्या अंगाची पोरं, म्हणून आत दीड इंच कापड दाबून ठेवलं, पुढच्या वर्षी उसवून मोठं करता यावं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ठोकातल्या गठ्ठ्यात असं दाबलेलं कापड मिळत नाही.

पैसे मात्र वेळेवर आले नाहीत. वरून निधी उशिरा आला, मुख्याध्यापक म्हणत राहिले, "ताई, काम एक नंबर केलं, पण खात्यात पैसे कधी पडतील ते मलाच माहीत नाही." दोन हप्ते तिने आईच्या बचत गटातून उसने घेऊन भरले. दिवाळीच्या तोंडावर रक्कम मिळाली. हे मुद्दाम सांगतो आहे, नाहीतर 'शाळेचं काम घ्या' हे वाक्य फार सोपं वाटेल. सरकारी गिऱ्हाईक बुडवत नाही, पण थांबवतं. छोट्या माणसाला थांबणंच परवडत नाही. लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचं बंधन आहे, उशिरा दिले तर व्याजही लावता येतं. पण गावातल्या शाळेवर व्याजाचा दावा कोण लावणार? त्यापेक्षा काम घेतानाच ठरावात लिहून घ्यायचं की निम्मी शिलाई माल देताना आणि उरलेली अमुक तारखेला. आणि आपल्या दोन हप्त्यांना झेपेल त्याहून जास्त रक्कम एका जागी अडकू द्यायची नाही.

मग या सगळ्यातून मिळालं काय? शिलाईचे पैसे तर मिळालेच. खरी गोष्ट नंतर झाली. ४० पोरं रोज तिने शिवलेला गणवेश घालून गावभर फिरत होती. पोराचा शर्ट बसला म्हणून आई ब्लाउज घेऊन आली. दिवाळी-मंडईत तिला काम नाकारावं लागलं. बातमीने जे झालं नसतं ते ४० पोरांनी केलं.

तिने स्वतःच्या डोक्याने आणखी एक केलं, ते मला फार आवडलं. गावोगावच्या बाया मोबाईलवरून कपडे मागवतात. दोनशे-अडीचशेत कुर्ती घरी येते, त्या भावात शिवणं शक्यच नाही. पण ती कुर्ती बसते कुठे? खांद्यात ढगळ, बाहीत घट्ट. हिने बाहेर पाटी लावली, "ऑनलाइन घेतलेले कपडे फिटिंग करून मिळतील." तीस-चाळीस रुपयांचं काम, पण रोजचं. जे गिऱ्हाईक मोबाईलने पळवलं होतं तेच दुसऱ्या दाराने परत आलं. आता तिच्या डोक्यात स्नेहसंमेलनाच्या पोशाखांचं आहे. जानेवारीत प्रत्येक शाळेत नाच असतो, पोशाख भाड्याने आणायला पालक गोंदियाला जातात. ते एकदा शिवून ठेवले की तीन-चार वर्षं भाडं देतात.

छोट्या धंद्याच्या सुरुवातीचं बोलायचं तर लिज्जत पापडाचं सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं, पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. पण ती पाकिटं विकली कोणाला, हे फारसं कोणी सांगत नाही. भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला. जाहिरात केली नाही, दारोदार फिरल्या नाहीत. एक ओळखीचं दुकान धरलं आणि त्याला पुन्हा माल मागावासा वाटेल असा माल दिला. सुरुवातीला एक खात्रीचं गिऱ्हाईक पुरतं. शंभर नंतर येतात.

आणि सरकारने गिऱ्हाईक व्हावं हे आपल्या जिल्ह्याला नवीन आहे का? आपल्या कित्येक राईस मिल सरकारी धानाच्या भरडाईवर चालतात. सरकार धान घेतं, मिलवाल्याला भरडायला देतं, त्याचा दर ठरवून देतं. दर वाढवून मिळावा म्हणून मिलवाले निवेदनं देतात, आंदोलनं करतात आणि आम्ही त्याच्या बातम्याही करतो. त्यात काही गैर नाही, त्यावर हजारो हमालांची घरं चालतात. मग मिलवाल्याला सरकारी काम मिळतं तर शिलाई मशीनवाल्या पोरीला का मिळू नये? ती निवेदन देत नाही, तिची संघटना नाही, एवढाच फरक आहे.

म्हणून काही गोष्टी मागतो आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, गणवेशाचा विषय या महिन्याच्या बैठकीत घ्या. जूनमध्ये घेतला तर कोणत्याही गावच्या टेलरला वेळेत जमणार नाही आणि 'वेळ नाही' म्हणून ऑर्डर पुन्हा ठोक दुकानात जाईल. आपल्या आणि शेजारच्या गावात शिवणारं कोण आहे ते पाहा, दर मागवा, एक नमुना शिवून घ्या. काम चांगलं नसेल तर देऊ नका. मी दया मागत नाही, संधी मागतो.

गटशिक्षणाधिकारी साहेब आणि जिल्हा उद्योग केंद्राचे साहेब, तुमच्याकडे दोन याद्या आहेत. एकाकडे शाळांची आणि पटाची, दुसऱ्याकडे टेलरिंगसाठी कर्ज घेतलेल्या पोरा-पोरींची. या दोन याद्या एका टेबलावर आणायला कोणत्याही नवीन योजनेची गरज नाही. तालुक्याला एक बैठक पुरे. हेच अंगणवाडीच्या खाऊला, ग्रामपंचायतीच्या किरकोळ कामांना आणि आश्रमशाळांनाही लागू होतं.

पोरांनो, कर्जाचा अर्ज भरण्याआधी एका कागदावर पहिल्या दहा गिऱ्हाइकांची नावं लिहा. दहा सुचली नाहीत तर अर्ज महिनाभर थांबवा आणि आधी ती दहा शोधा. धंदा सुरू असेल तर वही उघडा आणि आलेला प्रत्येक जण कोणामुळे आला ते लिहायला लागा. जी माणसं गिऱ्हाईक पाठवतात त्यांना वर्षातून एकदा तरी घरी जाऊन काहीतरी द्या. गुगलच्या नकाशावर दुकान टाका, फुकट आहे. पण मराठीत टाका, आणि फोन आला तर उचला.

शेवटचं आपल्या सगळ्यांसाठी, आणि हे जरा टोचेल. गावातल्या पोरीने धंदा टाकला की ती सगळ्यांची पुतणी, भाची होते. काकाजी पँट नेतात, "देतो बेटा, चुकारा आला की." मामीजी दोन ब्लाउज नेतात, "आपलीच पोरगी आहे, कुठे पळून जातो?" त्या मुलीच्या वहीत मागच्या पानावर अशी बाकी लिहिलेली होती, बेरीज केली तर तीन हप्त्यांच्या वर गेली. मागायला तिची जीभ उचलत नाही, कारण समोर काकाजी आहेत. मॉलमध्ये आपण 'नंतर देतो' म्हणतो का? ऑनलाइन कंपनीला म्हणतो का? मग उधारी फक्त आपल्याच लेकरांच्या वाट्याला का? नात्यातलं पोरगं आहे म्हणून भाव कमी करून मागू नका, आणि रोख द्या. याहून मोठी रोजगार योजना कोणतंही सरकार देऊ शकणार नाही.

ही पोस्ट तुमच्या गावच्या शाळेच्या ग्रुपवर टाका. आणि या आठवड्यात मुख्याध्यापक भेटले तर त्यांना एवढंच विचारा, "सर, यंदाचे गणवेश कोण शिवणार आहे?"